नीलमण्याची पारख

गेल्या पावसाळ्यात पवन मावळातला एक शेतकरी माझ्याकडे आला. त्याचा मुलगा आमच्या कॉलेजात शिकतो. घरात लागोपाठ दोन आजारपणे झाली, कोणीतरी साडेसातीचे नाव काढले आणि शनीचा खडा घालायचे ठरले. त्याने कनवटीची पुरचुंडी सोडून एक निळा खडा माझ्या टेबलावर ठेवला. "सर, ह्यो बघा जरा. अस्सल नीलम हाय म्हंत्यात. निम्मे पैसे दिल्यात, निम्मे अमावास्येला द्यायचेत."

दिलेले पैसे गोठ्यातला खोंड विकून आलेले होते. राहिलेल्या निम्म्यासाठी दुसराही जाणार होता.

मी इतिहास शिकवणारा माणूस, रत्नपारखी नव्हे. पण दारी आलेल्याला तसेच परत कसे पाठवायचे? म्हणून मी त्याला आधी इतिहासातला प्रश्न विचारला: खडा आला कुठून? विकणाऱ्याने सांगितले होते, की बोरघाटात रेल्वेचे बोगदे खणताना तो निघाला आणि पिढ्यान् पिढ्या त्याच्या घरात होता.

आता गंमत अशी, की ही थाप अगदीच बिनबुडाची नव्हती. बोरघाटातल्या लोहमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली. त्या खोदकामात सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून सुंदर स्फटिक निघाले आणि जाणत्या साहेबांनी ते विलायतेतल्या संग्रहांपर्यंत पोहोचवले. पण ते स्फटिक गारगोटीच्या आणि झिओलाइटच्या जातीचे. मावळच्या कातळात नीलम मिळत नाही. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत एक गर्द निळे खनिज सापडते, त्याचे नाव कॅव्हन्साइट. रंग डोळ्यांत भरणारा, पण इतके मऊ, की चाकूच्या टोकाने ओरखडा उठतो.

नीलमाचे माहेर फार पूर्वीपासून सिंहलद्वीप, म्हणजे आजची श्रीलंका. आपण कार्ल्याची लेणी पाहिली असतील. तिथल्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांनी दाने दिल्याचे लेख आहेत. घाटाच्या तोंडाशी परदेशी नावे कोरली जात होती, साधारण त्याच काळात लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात मलबारच्या बंदरांतून बाहेर जाणाऱ्या मालात हिऱ्यांबरोबर निळ्या रत्नांची नोंद आहे. काश्मीरचा नीलम त्या मानाने कालचा. पाडरच्या बर्फाळ डोंगरात १८८१ च्या सुमारास तो सापडला आणि दहा वर्षांच्या आत मुख्य खाण जवळजवळ रिकामी झाली. म्हणूनच 'काश्मिरी' म्हणून कोणी खडा पुढे केला, तर भाव विचारण्याआधी जरा थांबावे.

गरुडपुराणात रत्नपरीक्षेचे अध्याय आहेत आणि त्यांत इंद्रनीलावर एक स्वतंत्र अध्याय आहे. शंभरपट दुधात ठेवला तरी सगळ्या दुधाला निळी झाक देतो तो महानील, असे तिथे म्हटले आहे. ही मला कवीची अतिशयोक्ती वाटते. शिक्षकबंधूंनी वर्गात दूध वाया घालवू नये. पण त्याच अध्यायात दोन ओळी अशा आहेत, की आजच्या प्रयोगशाळेनेही मान डोलवावी. नीलमासारखे दिसणारे काच, स्फटिक वगैरे पदार्थ सांगून ग्रंथकार म्हणतो, की त्यांचा जडपणा आणि कठीणपणा पाहावा. वजन आणि कठीणपणा! रंगावर जाऊ नका, असेच जणू तो सांगतो.

रंगाचे महत्त्व नाही असे मात्र नाही. किमतीचा मोठा भाग रंगातच असतो. फार फिका नको, शाईसारखा काळपटही नको. दिवसाच्या उजेडात भरदार निळा दिसावा आणि दिव्याखालीही मरू नये. पण रंग खड्यात सगळीकडे सारखा असतोच असे नाही. सिंहली कारागीर रंगाचा ठिपका नेमका तळाशी येईल असा खडा घासतात. वरून सगळा निळा, पांढऱ्या वाटीत पाण्यात आडवा धरला की निम्मा पांढरा. आत रेशमासारखे बारीक तंतू किंवा कोन करून गेलेले सरळ पट्टे दिसले तर घाबरू नये. ती निसर्गाची खूण. अगदी निर्मळ, मोठा आणि स्वस्त खडा दिसला, की मात्र संशय घ्यावा.

पैलूंची गोष्ट नाशिकच्या हिऱ्यावरून समजते. त्र्यंबकेश्वराचा तो हिरा १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांच्या हाती गेला. आपल्याकडच्या कारागिरांनी वजन राखून त्याला पैलू पाडले होते. हिरा सुमारे ९० कॅरटचा होता. विलायतेत तो पुन्हा घासला गेला आणि १९४० मध्ये अमेरिकेत हॅरी विन्स्टनने तेजासाठी निम्म्याहून कमी, ४३.३८ कॅरटचा केला. वजन राखायचे की तेज, हा झगडा नीलमातही आहे. तळ फार उथळ ठेवला तर मधोमध प्रकाश आरपार जातो. त्याला खिडकी म्हणतात. छापील कागदावर ठेवलेल्या खड्यातून अक्षरे वाचता आली, तर पैलू बिघडले समजावे.

त्या शेतकऱ्याच्या खड्यातून मला मथळा स्वच्छ वाचता आला. पण पैलू वाईट म्हणजे खडा खोटा असे होत नाही. म्हणून आम्ही रसायनशाळेतल्या तराजूकडे गेलो. नीलम पाण्याच्या चौपट जड. म्हणून पाण्यात बुडवून तोलला की त्याचे वजन बरोबर पाव हिश्शाने घटते. चार ग्रॅमचा तीन भरायचा. आमचा खडा हवेत १.२० ग्रॅम भरला. नीलम असता तर पाण्यात ०.९० भरायला हवा होता. बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात सोडला, तो ०.७२ भरला. म्हणजे ती काच होती.

"पुन्यांदा तोला," तो म्हणाला. आम्ही पुन्हा तोलले. तेवढेच.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. या तराजूने काच पकडली जाते, कारखान्यातला नीलम नाही. फ्रान्सच्या व्हर्नॉयने १९०२ मध्ये भट्टीत माणके करण्याची रीत प्रसिद्ध केली आणि पुढे तीच नीलमालाही लागू झाली. त्याचे वजन, कठीणपणा सारे अस्सलासारखेच. फरक आतल्या वक्र रेषांचा, आणि तो भिंगाखाली जाणत्यालाच दिसतो. शिवाय १९७० नंतर श्रीलंकेतले दुधी खडे सोळाशे अंशांच्या वर तापवून निळे करण्याचा धंदा थायलंडमध्ये फोफावला. तापवलेला खडा खोटा नव्हे, पण तसे सांगून विकला पाहिजे. न तापवलेल्याला भाव जास्त. गरुडपुराणाने याचीही दखल घेतली आहे: परीक्षेसाठी किंवा गुण वाढवण्यासाठी मणी अग्नीत घालू नये, मालक, करणारा आणि करवून घेणारा, तिघांचाही अनर्थ होतो. तेव्हा मोठी रक्कम मोजायची असेल, तर रत्नप्रयोगशाळेचा दाखला मागावा, आणि वजन रत्तीत न विचारता कॅरटमध्ये विचारावे. रत्ती दुकानागणिक बदलते. कॅरट सगळीकडे २०० मिलिग्रॅमच.

शेतकऱ्याने राहिलेले पैसे दिले नाहीत. दुसरा खोंड गोठ्यातच राहिला आणि यंदा औताला लागला. विकणारा अमावास्येला आलाच नाही. त्याला कुणकुण लागली असावी. दिलेले पैसे बुडाले ते बुडालेच. खडा मात्र घरात आहे. परवा मुलगा सांगत होता, पुतणी तो पेपरावर ठेवून अक्षरे लावायला शिकते आहे.