स्वदेशीची भट्टी आणि अग्निसह वीट

सुरत म्हटले की डिसेंबर १९०७ मधील राष्ट्रसभेची फूट आठवते. वादाच्या मुळाशी स्वदेशीही होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली. तिचे स्वप्न पाहणारे कै. जमशेटजी सुरतेशेजारच्या नवसारीचे. १९१२ मध्ये साकचीस पोलाद निघाले.

परंतु वितळलेले लोखंड धरावयाचे कशात? साधी वीट एवढ्या तापात टिकत नाही. ॲल्युमिना व सिलिका यांनी युक्त फायरक्लेची, म्हणजे अग्निसह मातीची, वीट पंधराशे अंशांच्या आसपासची धग सोसते. म्हणून भट्ट्यांना आतून अशा विटांचे अस्तर देतात; सांधेही साध्या सिमेंटने नव्हे, तशाच मातीच्या गाऱ्याने भरतात. सुरतेच्या रंगाई-छपाईतील बॉयलरांनाही तिचा आधार लागतो.

स्वदेशीचा अग्नी वाणीने चेतविला. तो सांभाळला मातीने.