लघुव्यवसायांची नोंदणी व दारिद्र्यनिवारण : हिंगोली जिल्हा

दुकान, गिरणी, घरगुती कारखाना किंवा फिरता विक्रीव्यवसाय यांची शासकीय दप्तरात दखल घेऊन त्यांना परवाना, क्रमांक वा प्रमाणपत्र देण्याच्या पद्धतीस व्यवसाय-नोंदणी म्हणतात. नोंदणी सुलभ झाल्यास गरीब व्यावसायिकास कर्ज, बाजारपेठ व कायद्याचे संरक्षण लाभून दारिद्र्य कमी होते, हा विचार विसाव्या शतकाच्या अखेरीस विकसनशील देशांत प्रभावी ठरला. पेरूमधील अर्थशास्त्रज्ञ एर्नांदो दे सोतो यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये लिमा शहरात एका लहानशा शिवणकाम-कारखान्याची रीतसर नोंदणी करून पाहिली. तीस २८९ दिवस लागले. मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्याच्या इतिहासात या विचाराच्या दोन्ही बाजू आढळतात.

हिंगोली हे निजामाच्या राज्यातील हैदराबाद कंटिन्जंटच्या लष्करी छावणीचे ठाणे (१८१९–१९०३) व कापसाची मोठी बाजारपेठ होती. त्या काळी नोंद असे ती प्रामुख्याने सावकाराच्या वहीत. शेतकऱ्याने आणलेला माल अडत्याच्या दुकानी उतरे, रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरे आणि अडत, तोलाई, हमाली, धर्मादाय अशा वजावटी होऊन उरलेली रक्कम त्याच्या हाती पडे. हैदराबाद संस्थानाने १९३० मध्ये शेतमाल बाजार कायदा करून व्यापारी, अडते व तोलारी यांना परवाना सक्तीचा केला. महाराष्ट्रात १९६३ चा शेतमाल पणन कायदा १९६७ पासून अंमलात आला. या नोंदणीचा हेतू व्यावसायिकास वर आणण्याचा नसून त्याच्याशी व्यवहार करणाऱ्या दुर्बळ पक्षाचे रक्षण करण्याचा होता, हा फरक महत्त्वाचा आहे. मात्र परवानाधारकांची संख्या मर्यादित राहिल्याने जुन्या पेढ्यांचे वर्चस्व त्याच परवान्याने काही अंशी पक्केही झाले. हमालांच्या बाबतीत तर दुकानाच्या नोंदणीपेक्षा स्वतः कामगाराची नोंदणी अधिक मोलाची ठरली. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे नोंदणीकृत कामगाराची मजुरी मंडळामार्फत देण्याची व भविष्यनिर्वाह निधीची सोय झाली.

कारखानदारीच्या क्षेत्रात भारतातील परिस्थिती लिमाच्या उलट होती. १९५१ च्या उद्योग (विकास व विनियमन) कायद्यान्वये मोठ्या उद्योगांना परवाना आवश्यक होता. लघुउद्योगांची नोंदणी मात्र ऐच्छिक होती व तीमागे आमिष होते. नोंदणीकृत कारखान्यास टंचाईच्या मालाचा कोटा, सवलतीचे कर्ज आणि १९६७ पासून राखीव वस्तूंच्या उत्पादनाचा लाभ मिळे. परिणामी केवळ कागदावर अस्तित्वात असलेले कारखानेही देशभर निर्माण झाले. १९७८ मध्ये जिल्हा उद्योग केंद्रांची योजना आली, तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्याचाच भाग होता. सेनगाव वा कळमनुरीच्या पिठाच्या गिरणीवाल्यास एका सहीसाठी परभणीस जावे लागे आणि एका हेलपाट्यात त्याची दिवसाची कमाई बुडे. १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा झाल्याने कार्यालये जवळ आली. दारिद्र्य मात्र तेवढ्याने हटले नाही. २००६ मध्ये मागास क्षेत्र अनुदान निधीसाठी निवडलेल्या राज्यातील बारा जिल्ह्यांत हिंगोलीचा समावेश होता. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११,७७,३४५ होती व तीपैकी बहुसंख्य लोक खेड्यांत राहत.

अलीकडच्या काळात जिल्ह्याचे अर्थकारण हळदीभोवती फिरू लागले. हिंगोली व वसमत येथील बाजारांत शेजारच्या जिल्ह्यांतूनही हळद येते. काढणी, शिजवणे, वाळवणे व घासून चकाकी आणणे या कामांवर हंगामात अनेक मजुरांचा, विशेषतः स्त्रियांचा, निर्वाह चालतो. ओल्या हळदीचे वजन वाळल्यावर एक-चतुर्थांश वा त्याहूनही कमी भरते. म्हणून गावातच दळून पूड विकण्यात लाभ अधिक. येथेच नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील, २०११ पासून लागू झालेल्या नियमांनी बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान उत्पादकास वर्षाला शंभर रुपयांत नोंदणीची सोय केली. तो क्रमांक पुडीवर नसेल, तर शहरातील दुकानदार माल ठेवीत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत हिंगोलीसाठी हळद हे पीक निवडण्यात आले व प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, अनुदान ठरले. बचत गटातील सभासद-स्त्रीस ४०,००० रुपये बीजभांडवलाचीही तरतूद होती. शंभर रुपये कोणासही जड नाहीत. भार पडतो तो कागदपत्रे, पत्त्याचा पुरावा व खेपा यांचा.

केवळ शुल्क माफ केल्याने गरीब व्यावसायिक नोंदणीस येतो, या समजुतीस अन्यत्रही आधार मिळाला नाही. श्रीलंकेतील २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माहिती व शुल्काची परतफेड यांचा काहीच परिणाम दिसला नाही. अर्ध्या ते एका महिन्याच्या नफ्याएवढी रक्कम देऊ केल्यावर सुमारे एक-पंचमांश व्यावसायिकांनी नोंदणी केली, आणि पुढे उत्पन्न वाढले ते थोड्यांचेच. भारतात २०१५-१६ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार बिगरशेती असंघटित व्यवसायांची संख्या सु. ६.३४ कोटी असून त्यांपैकी सु. ८४ टक्के नेमलेल्या पगारी मजुराविना चालत. असा व्यवसाय म्हणजे बहुधा रोजगाराच्या अभावी पत्करलेला निर्वाहाचा मार्ग होय. त्यास प्रमाणपत्रापेक्षा गिऱ्हाइकाची उणीव अधिक भासते.

१ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी विनाशुल्क व स्वयंघोषणेवर होऊ लागली. जुलै २०२१ मध्ये किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनाही तीत प्रवेश मिळाला, पण केवळ अग्रक्रम-क्षेत्रातील कर्जापुरता. पुरवलेल्या मालाचे पैसे कमाल ४५ दिवसांत मिळण्याचा २००६ च्या कायद्यातील हक्क त्यांच्या वाट्यास आला नाही. फेरीवाल्यांसाठीचा २०१४ चा कायदा शहरांपुरता आहे. हिंगोली, वसमत व कळमनुरीच्या नगरपरिषद-हद्दीतील भाजीवाली त्यात बसते. खेड्याच्या आठवडी बाजारात तीच टोपली घेऊन बसली, तर ती जागेच्या भाड्याची पावती तेवढी बाळगते.