पोलादाचा थकवा

माणूस थकतो हे कामगारांना सांगावे लागत नाही. पण लोखंडही थकते, हे जगाला मोठी किंमत मोजून कळले. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासांहून अधिक माणसे प्राणास मुकली. पुढे प्रशियात ऑगस्ट व्योलर याने प्रयोगांनी सिद्ध केले, की एका मोठ्या भाराला दाद न देणारे पोलाद लहान भार लक्षावधी वेळा आला-गेला तर मोडते.

रिव्हेट जाऊन वेल्डिंग आले आणि पुलाचा रस्ता पोलादी पत्र्यावर घालता आला. वजन घटले, पण थकवा सांध्यांत शिरला. इंग्लंडातील सेव्हर्न पूल १९६६ साली खुला झाला. पुढच्या दशकातच त्याचे सांधे तडकू लागले.

जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या शिवडी–न्हावाशेवा अटल सेतूच्या लांब गाळ्यांवर अशीच पोलादी रचना आहे. हिशेब ध्यानात घ्या : सांध्यावरचा ताण दुप्पट झाला, की आयुष्य सुमारे एक-अष्टमांश उरते. आपल्या द्वारका चौकातून एकूण वजन दुप्पट होईल इतका माल भरून मुंबईकडे निघालेला ट्रक अशा पुलावर एकटाच आठांची झीज करतो. नफा एकाचा, झीज सर्वांची!

वेल्डिंगच्या कडेचा केसाएवढा तडा सहसा डोळ्यांना दिसत नाही. चुंबकीय भुकटीने वा ध्वनिलहरींनी तो शोधावा लागतो. तो शोधणारा कामगार हा पुलाचा वैद्य. त्याने ‘वाहने थांबवा’ म्हटले, तर ती थांबली पाहिजेत. उद्घाटनाचा नारळ एकदाच फुटतो. तपासणीचा खर्च मात्र दरवर्षी अंदाजपत्रकात मांडावा लागतो. तो मागणे हे तुमचे-आमचे काम आहे.