पॅरिसची फाईल आणि लातूरचा अहवाल

१७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होते, स्वातंत्र्यसैनिकांचे सत्कार होतात, स्वामी रामानंद तीर्थांचे स्मरण होते. ते व्हायलाच हवे. परंतु त्या दिवसांची दोन कागदपत्रे आम्हांस एकत्र ठेवून वाचावीशी वाटतात. एक पॅरिसमध्ये तयार झाले, दुसरे लातूर-नांदेडच्या धुळीतून.

पहिले कागदपत्र संयुक्त राष्ट्रसंघाचे. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजाम व भारत सरकार यांच्यात एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. तो टिकला नाही. रझाकारांचा जुलूम वाढत गेला. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार धाडली. तीवर परिषद पॅरिसला बसली ती १६ सप्टेंबरला. तोवर भारतीय फौजा संस्थानात शिरून तीन दिवस झाले होते. विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा की नाही, यावर मतदान झाले: बाजूने आठ, तटस्थ तीन, विरोधात कोणी नाही. दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली आणि लवकरच तक्रार मागे घेत असल्याचे कळवले. मग चर्चा उरली ती एवढीच, की तक्रार मागे घेणारा निजाम स्वतंत्र बुद्धीने बोलतो आहे काय, आणि हैदराबाद हे 'राज्य' होते काय. मे १९४९ मध्ये पाकिस्तानच्या जफरुल्लाखानांनी भाषणे केली. ठराव मात्र कोणताही झाला नाही.

या संस्थेला दोष देणे सोपे आहे. तिची रचनाच सरकारांमधील तंट्यांसाठी होती. वाद सार्वभौमत्वाचा होता. गावातल्या माणसांचा शेजार त्या टेबलावर ठेवायला जागाच नव्हती. उमरी, उदगीर, लातूर ही नावे त्या चर्चेत कशाला येतील?

ती आली दुसऱ्या कागदपत्रात. पोलीस ॲक्शननंतरच्या हिंसाचाराच्या बातम्या दिल्लीस पोहोचल्यावर नेहरूंनी एक सद्भावना मंडळ धाडले. 'भारत में अंग्रेजी राज'चे लेखक पंडित सुंदरलाल, 'पयाम' या उर्दू पत्राचे काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री असे तिघे त्यात होते. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. त्यांना न्यायनिवाडा करायचा नव्हता, सलोखा साधायचा होता. म्हणून त्यांनी गावोगाव सभा घेतल्या; जिथे जाता आले नाही अशा १०९ खेड्यांतील पाचशेहून अधिक लोकांशी बोलले.

त्यांना जे दिसले ते भयंकर होते. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत होरपळलेले. एकट्या या चारांत मृतांचा त्यांचा अंदाज अठरा हजारांच्या घरातला. सबंध संस्थानात किमान सत्तावीस ते चाळीस हजार. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी पेठ. तेथे वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार गावात उरलेले मंडळाला आढळले. हे लातूर कासिम रझवीच्या वकिलीचे गाव, ही गोष्ट विसरता येत नाही. रझाकारांनी आधी हिंदू खेड्यांवर जे अत्याचार केले, त्यांची नोंदही अहवालात आहे. पण सूड ज्यांच्यावर उगवला गेला त्यांतले पुष्कळसे रझाकार नव्हतेच, हेही त्यातूनच कळते.

आम्हांस या अहवालातील एक नोंद फार मोलाची वाटते. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले आणि त्यापायी जीव गमावले. धर्माहून मागाचे नाते जवळचे ठरले. सलोख्याचा खरा आधार अशा माणसांत होता.

हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. अभ्यासकांच्या हाती तो अनेक दशकांनी, तुकड्यातुकड्यांनी आला. जखम उघडी पडेल ही भीती त्यामागे असेल. पण झाकून ठेवल्याने ती भरली असे कोणी म्हणू शकेल काय? घरोघरी आठवणी होत्याच. एका घरात रझाकारीच्या, शेजारच्या घरात पोलीस ॲक्शनच्या. दोन्ही घरे आपापले अर्धे सत्य मुलांना सांगत राहिली. रझाकारीच्या आठवणींना स्मारके मिळाली, गौरवग्रंथ मिळाले. दुसऱ्या आठवणी कुजबुजीत राहिल्या.

पॅरिसच्या संस्थेकडे अधिकार होता, पण लातूरपर्यंत पाहणारी नजर नव्हती. सुंदरलाल मंडळाकडे नजर होती, अधिकार नव्हता. समेटासाठी दोन्ही लागतात, आणि त्याहून आधी लागते ते झाले ते मोठ्याने सांगण्याची तयारी. मुक्तिसंग्राम न्याय्य होता, हे मान्य करून त्यानंतर अन्यायही झाला असे म्हणता येते. तसे म्हटल्याने स्वामीजींचा लढा उणा होत नाही. १७ सप्टेंबरच्या भाषणांत त्या अनाम विणकरांनाही एखादे वाक्य मिळावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.