पिसांपासून कृत्रिम धाग्यांपर्यंत : ‘स्ट्रीमर’ या आमिषाचा इतिहास

गळाने मासे धरण्याच्या ज्या अनेक रीती जगभर रूढ झाल्या, त्यांत ‘फ्लाय फिशिंग’ ही रीत वजनाच्या एका साध्या अडचणीतून घडली आहे. नेहमीच्या गळाला शिशाचे वजन किंवा जड आमिष असते आणि त्याच्या भाराने दोर लांब जातो. फ्लाय फिशिंगमध्ये मात्र गळावर बांधलेली पिसे, केस आणि रेशीम यांना जवळजवळ वजनच नसते; म्हणून दोरच जाड आणि जड घ्यावा लागतो, लवचीक काठीने तो हवेत पुढे-मागे खेळवावा लागतो आणि त्याच्या ओघाबरोबर आमिष पाण्यावर जाऊन पडते. या आमिषाला ‘फ्लाय’, म्हणजे माशी, हे नाव पडले, कारण मुळात ती किड्याची नक्कल होती. किड्याऐवजी लहान माशाची नक्कल करणारी लांबट फ्लाय म्हणजे ‘स्ट्रीमर’. ती पाण्याखालून झटके देत ओढतात आणि दुसऱ्या माशांवर जगणारे शिकारी मासे तिच्यावर झडप घालतात. स्ट्रीमरचा ठळक इतिहास जेमतेम शंभर वर्षांचा असला, तरी त्यातला प्रत्येक महत्त्वाचा बदल कोणत्या तरी एका पाण्यातल्या माशाने उभ्या केलेल्या अडचणीचे उत्तर आहे, आणि ही उत्तरे बहुधा त्या पाण्याकाठी राहणाऱ्या कारागिरांनीच शोधली आहेत.

किड्यांच्या नकलेची परंपरा त्यामानाने फार जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधिकाळातील रोमन लेखक एलियन याने मॅसिडोनियातील कोळी गळाला तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधत असल्याचे नोंदवले आहे. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापल्या गेलेल्या गळविषयक निबंधात बारा फ्लाय वर्णिल्या आहेत. १६५३ साली प्रसिद्ध झालेल्या आयझॅक वॉल्टनच्या ग्रंथाला चार्ल्स कॉटनने १६७६ साली जो भाग जोडला, त्याचा भरही नदीकाठच्या किड्यांवरच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेडरिक हॅलफर्ड याने पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायचे शास्त्रच मांडले. त्याच्या १८८६ सालच्या ग्रंथानंतर दक्षिण इंग्लंडच्या नितळ नद्यांवर अशी समजूत घट्ट झाली की, वर येऊन किडा टिपणाऱ्या ट्राउट माशाला त्याच किड्याची नक्कल दाखवणे हीच या कलेची सर्वोच्च रीत होय. मोठा ट्राउट वयाबरोबर किडे सोडून लहान माशांकडे वळतो, ही गोष्ट जाणकारांना ठाऊक होती. पण तिला या शास्त्रात मानाचे स्थान मिळाले नाही.

ते स्थान अमेरिकेतील मेन राज्याच्या सरोवरांनी मिळवून दिले. रेंजली परिसरातील या सरोवरांत ‘स्मेल्ट’ नावाचे सडपातळ, चंदेरी मासे थव्यांनी असतात आणि तेथील मोठे ब्रूक ट्राउट त्यांच्यावर पोसले जातात. तेथील ‘अपर डॅम’ या ठिकाणी राहणाऱ्या कॅरी स्टीव्हन्स या पूर्वी टोप्या बनवण्याचे काम करीत, आणि पीस कसे वळते, कोणत्या अंगाने लावले असता कसे बसते, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. १ जुलै १९२४ रोजी त्यांनी स्वतः बांधलेल्या स्ट्रीमरवर ६ पौंड १३ औंस, म्हणजे सुमारे तीन किलो, वजनाचा ब्रूक ट्राउट धरला आणि ‘फील्ड अँड स्ट्रीम’ मासिकाच्या स्पर्धेत त्याला दुसरे पारितोषिक मिळाले. त्यानंतर त्यांच्याकडे मागणीचा ओघ सुरू झाला. त्यांची सर्वांत प्रसिद्ध कृती ‘ग्रे घोस्ट’ ही होय. लांब दांड्याच्या गळावर नारिंगी रेशीम गुंडाळून त्यावर चंदेरी जरीचे वेढे दिलेले, खाली हरणाच्या शेपटीचे पांढरे केस आणि मोराच्या पिसाचे तंतू, वर करड्या रंगाची लांब पिसे आणि डोक्याशी डोळ्यासारखे दिसणारे एक चकचकीत पीस, अशी तिची रचना होती. गळ धरून ठेवण्यासाठी इतर कारागीर छोटा शिकंजा वापरत असताना स्टीव्हन्स मात्र गळ बोटांतच धरून हे सारे बांधीत. पाण्यात ओढली की ही पिसे अंगाला चिकटून सडपातळ होत, आणि ओढ थांबली की किंचित फुलत. स्मेल्टच्या हालचालीशी असलेले हे साम्य हेच त्या रचनेचे मर्म होते.

डोळ्याच्या जागी लावलेल्या त्या पिसाचा थेट संबंध सह्याद्रीशी पोहोचतो. ते पीस राखी रानकोंबड्याच्या मानेचे असते. हा पक्षी भारतीय द्वीपकल्पातच आढळतो आणि सह्याद्रीच्या जंगलांत त्याचा वास आहे. त्याच्या मानेवरील पिसाच्या टोकाशी मेणाचा किंवा लाखेचा थेंब गोठल्यासारखा पिवळसर, तकतकीत ठिपका असतो, आणि पाण्यात भिजूनही त्याची चमक जात नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये सॅमन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या भडक फ्लायमध्ये साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेली पिसे वापरली जात. रानकोंबड्याची कातडी त्याच व्यापारातून इंग्लंडला आणि पुढे अमेरिकेला पोहोचली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारताने ही निर्यात बंद केली आणि १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला; त्यामुळे परदेशांतील कारागिरांना पाळीव अवस्थेत वाढवलेल्या पक्ष्यांच्या पिसांवर किंवा कृत्रिम पर्यायांवर अवलंबून राहावे लागले. त्याच वर्षी अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि पारदर्शक चमकेमुळे स्ट्रीमरसाठी नावाजलेले ध्रुवीय अस्वलाचे केसही दुर्मीळ झाले. निसर्गाने दिलेली सामग्री अशी एकेक करून हातातून सुटण्याच्या आधीच दुसऱ्या बाजूने समुद्राची हाक आली होती.

गोड्या पाण्यातील ट्राउटच्या मानाने समुद्रकाठचे शिकारी मासे मोठे, वेगवान आणि दातांचे असतात. ट्राउटसाठी बोटभर लांबीची फ्लाय पुरत असे. येथे वीतभर माशाची नक्कल हवी होती, आणि वीतभर लांबीची पिसे हवेत फेकताना गळाभोवती गुंडाळून बसत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मेरिलँडच्या चेसापीक उपसागरावर स्ट्राइप्ड बास धरणारे लेफ्टी क्रे (१९२५–२०१८) यांनी यावर तोड काढली. लांब पिसे गळाच्या डोक्याशी न बांधता त्यांनी ती शेपटीच्या टोकाशी बांधली आणि पुढच्या भागात हरणाच्या केसांची झालर दिली. त्यामुळे पिसे गुंतेनाशी झाली आणि पुढे रुंद, मागे निमुळते असे माशाचे शरीर तयार झाले. ‘लेफ्टीज डिसीव्हर’ या नावाने ही रचना इतकी पसरली की १९९१ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने तिचे तिकीट काढले. पुढे १९८० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहाना नदीवर बॉब क्लाउझर यांनी गळाच्या दांड्यावर शिशाचे, डंबेलच्या आकाराचे डोळे बांधले. या वजनामुळे ओढ थांबताच फ्लाय नाकावर खाली जाते आणि ओढताच वर उसळते. शिवाय गळाचे टोक वरच्या दिशेला राहत असल्याने ते तळाच्या दगडांत अडकत नाही.

खरी कसोटी पाहिली ती न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील ब्लूफिशने. या माशाचे दात इतके धारदार असतात की पिसांची किंवा केसांची सुबक फ्लाय त्याच्या एकदोन चाव्यांत नागवी होते. तेथील बॉब पॉपोविक्स यांनी केसांच्या जागी नायलॉनसारखे कृत्रिम तंतू घेतले आणि त्यांच्या पुढच्या भागावर इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळले असता कठीण होणारी राळ, चढवून काचेसारखे पारदर्शक शरीर घडवले. ‘सर्फ कँडी’ या नावाने ओळखली जाणारी ही फ्लाय दातांना पुरून उरली. शिवाय लहान समुद्री माशांच्या अर्धपारदर्शक देहाचे जे रूप पिसांना साधत नव्हते, तेही तिला साधले. टिकाऊपणासाठी केलेली तडजोड येथे नकलेची नवी पायरी ठरली, म्हणून या इतिहासात तिचे महत्त्व मोठे आहे.

कृत्रिम तंतूंचे यश समजण्यासाठी पुन्हा वजनाच्या मूळ अडचणीकडे वळावे लागते. हरणाच्या शेपटीच्या केसांना निसर्गाने लांबीची मर्यादा घातली आहे; लोकर आणि सशाची कातडी पाणी पिऊन इतकी जड होते की ती फेकणे कष्टाचे ठरते. पॉलिस्टर, नायलॉन किंवा अ‍ॅक्रिलिकचे तंतू हवे तेवढे लांब मिळतात, ते स्वतः फारसे पाणी शोषत नाहीत, आणि हवेतल्या एखाद्या झटक्यात त्यांच्यातले बरेचसे पाणी निथळते. म्हणून पाण्यात भरीव दिसणारी मोठी फ्लायही हवेत हलकी राहते. काळी पडणाऱ्या धातूच्या जरीची जागा मायलार या पॉलिस्टरच्या पातळ पट्टीने घेतली आणि खवल्यांची चमक कायमची झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या फायबरग्लासच्या आणि १९७० च्या दशकातील कार्बन तंतूंच्या काठ्यांमुळे, तसेच रेशमी दोरांच्या जागी आलेल्या प्लास्टिकचा लेप दिलेल्या दोरांमुळे, अशी मोठी आमिषे वाऱ्यावरही फेकता येऊ लागली. युरोपातील पाइकसारखा दातांचा, मोठ्या भक्ष्याला चटावलेला मासा फ्लायच्या कक्षेत ठामपणे आला, तो याच साधनांच्या बळावर.

या परिवर्तनाची किंमतही प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. पीस पाण्यात कुजते, कृत्रिम तंतू कुजत नाही. माशाच्या दातांत किंवा खडकाच्या कपारीत तुटून राहिलेला प्रत्येक तुकडा त्या पाण्यातच राहतो आणि झिजून अधिक बारीक होत जातो. ज्या सामग्रीमुळे जंगलातील रानकोंबड्यावरचा आणि अस्वलावरचा भार हलका झाला, तीच सामग्री नदीवर आणि समुद्रावर नवा भार टाकते. फ्लाय बांधणाऱ्यांच्या कलेने आजवर गुंतणारी पिसे, खोल पाणी आणि धारदार दात यांवर उपाय शोधले, कारण त्या अडचणी माशाने समोर आणून ठेवल्या होत्या आणि त्या सोडवल्यावाचून मासा हाती लागत नव्हता. ही नवी अडचण मासा दाखवून देणार नाही. ती सोडवली नाही, म्हणून कोणाचाही गळ रिकामा परतणार नाही. म्हणून तिचे उत्तर शोधण्याची जबाबदारी या कलेच्या पुढच्या पिढीने आपणहून स्वीकारावी लागेल, आणि तशी ती स्वीकारली गेली, तरच शंभर वर्षांच्या या कारागिरीला तिच्या कसबाला शोभेल असा पुढचा अध्याय मिळेल.