कुर्ल्याची फियाट आणि कांदिवलीची जीप

दिंडोशीहून पश्चिम द्रुतगती महामार्गाने उत्तरेकडे निघाले की थोड्याच वेळात आकुर्ली रस्त्याजवळ महिंद्राचा कांदिवली कारखाना लागतो. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता कुर्ल्याला. परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद होती त्या काळात वेगाच्या शौकिनांना खऱ्या स्पोर्ट्सकार दुर्मीळच होत्या. त्यांची हौस भागवली ती मुंबईत तयार होणाऱ्या दोन साध्या वाहनांनी.

प्रीमियर ही वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेली कंपनी. फियाट ११०० तिने पन्नाशीच्या दशकात आणली. पुढे तीच गाडी १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये पद्मिनी झाली. महिंद्राची सुरुवात १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड महंमद’ या नावाने, पोलादाच्या व्यापारातून झाली. भागीदार गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि कंपनीचे नाव बदलले. विलीज जीपची जुळणी आधी माझगावला होत असे.

आकडे पाहिले तर जीप वरचढ वाटते. सीजे-३बी मॉडेलचे इंजिन २,१९९ सीसीचे, सुमारे ७२ हॉर्सपॉवरचे. पद्मिनीचे १,०८९ सीसीचे, जेमतेम ४० हॉर्सपॉवरचे. पण जीपची ताकद धावण्यासाठी नव्हती, ओढण्यासाठी होती. तीन गिअर, चारही चाकांना जोर आणि चढासाठी वेगळा ‘लो’ गिअर यांमुळे ती चिखलातून, घाटातून निघे; सपाट रस्त्यावर मात्र लवकर दमे. तिचे इंजिन उंच असल्याने बॉनेटही उंचावले आणि आधीच्या ‘लो-बॉनेट’ जीपपासून ती लांबूनच ओळखू येऊ लागली.

फियाटला वेगळी चॅसी नव्हती, सगळा भार बॉडीच पेली. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. वळणावर ती रस्ता धरून राही. इंजिन लहान असले तरी मोकळेपणाने फिरे आणि कार्बुरेटरमध्ये फेरफार केले की आणखी खुलत असे. म्हणूनच चेन्नईजवळच्या शोलावरमच्या शर्यतीत फियाट उतरत. चालवण्यातला खरा आनंद फियाटचाच.

संग्राहकाच्या दृष्टीने हिशेब वेगळा आहे. जीप दणकट, म्हणून ती टिकली. पण पेट्रोल महाग झाल्यावर अनेकांनी मूळ इंजिन काढून डिझेल बसवले. त्यामुळे मूळ इंजिन, गिअरबॉक्स आणि कागदपत्रे जुळणारी लो-बॉनेट जीप मिळणे अवघड झाले. फियाटचे नुकसान दुसऱ्याच कारणाने झाले. ती मुंबईची टॅक्सी होती, दिवसरात्र राबली आणि शेवटी भंगारात गेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली; २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. घरगुती वापरातली, न कापलेली, न गंजलेली फियाट त्यामुळेच मोलाची.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूप राखलेल्या वाहनाला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. पद्मिनीच्या पहिल्या गाड्या आता या वयात येत आहेत. इंजिन बदललेल्या जीपला मात्र हीच अट आडवी येते.