सुनेच्या वाट्याची सेवा

वृद्धापकाळी ज्यांची स्मृती भ्रंश पावते, अशांची शुश्रूषा करणारे आप्त आपल्या कर्तव्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, हा प्रश्न वरकरणी ज्याच्या त्याच्या मनोधर्माचा वाटला, तरी ती दृष्टी सरकारी दफ्तरांतही घडत असते, आणि याचे जपानाइतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. तोकुगावा शोगुनांच्या अमदानीत मातापित्यांची सेवा हा घरच्या कर्त्या पुरुषाचा धर्म मानला जाई. सामुराईने आजारी आईबापांच्या शुश्रूषेसाठी रजेचा अर्ज केला, तर कचेरी तो रीतसर मंजूर करी. मात्सुदाइरा सादानोबू या मुत्सद्द्याच्या कारकीर्दीत, १७८९ साली, मुलखोमुलखीच्या सत्शील प्रजाजनांची माहिती मागवण्यात आली, आणि १८०१ साली छापून निघालेल्या पन्नास भागांच्या ग्रंथात सुमारे ८,६०० जणांची नोंद झाली; त्यांत मातृपितृभक्तांचा भरणा मोठा. राजसत्तेने बक्षीस दिलेल्या सद्गुणाची वर्णने थोडी हातचे राखूनच वाचावीत हे खरे; आणि त्या काळी बायका या कष्टांतून मोकळ्या होत्या असेही नव्हे. परंतु वडिलांची हेळसांड झाली, तर जाब पुत्राला विचारला जाई.

मेइजी राजवटीने हे पारडे फिरवले. १८९८ च्या नागरी कायद्याने घराण्याची सत्ता कुटुंबप्रमुखाच्या हाती एकवटली, पोषणाच्या हक्कात पत्नी व मुले यांच्याही आधी आईबापांना बसवले, आणि पुरुष कचेऱ्या-कारखान्यांकडे वळल्यावर त्या हक्काची प्रत्यक्ष फेड सुनेच्या दोन हातांनी होऊ लागली. मुलींच्या शाळांतून सासूसासऱ्यांच्या शुश्रूषेचे पाठ दिले जात. १९४७ साली तो कायदा मोडीत निघाला, सुनेवरचे बंधन कागदावरून उतरले. घरातून मात्र उतरले नाही. पुढे कितीतरी वर्षे गावोगावच्या संस्था अशा सुनांचा 'आदर्श सून' म्हणून सत्कार करीत राहिल्या, आणि अशा सन्मानाच्या छायेत 'मी थकले' एवढे दोन शब्द उच्चारणे म्हणजे आपल्या शीलाची उणीव आपणच जाहीर करणे होऊन बसले.

या मौनाला वाचा फोडली ती १९७२ साली, अरियोशी सावाको यांच्या 'कोकोत्सु नो हितो' या कादंबरीने. पत्नीच्या मृत्यूच्या वेळी ज्याचे भ्रमिष्टपण उघड होते तो शिगेझो पोटच्या मुलाला चोर समजतो, पण ज्या सुनेला त्याने जन्मभर टोचून बोलले, त्या आकिकोला तेवढी ओळखतो. आणि नोकरी करणाऱ्या आकिकोच्या मनात कर्तव्य, किळस, राग व माया यांची जी सरमिसळ होते, ती लेखिकेने कोणताही मुलामा न देता मांडली. दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, त्या केवळ कथेच्या रंजकतेमुळे खचित नव्हेत. आठ वर्षांनी, १९८० साली, क्योतोमध्ये अशा रुग्णांच्या कुटुंबीयांची संघटना उभी राहिली. तेथे माणसे एकमेकांसमोर आपला संताप कबूल करू लागली.

खरा तंटा पेटला तो दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्याचा कायदा होताना. घरीच सेवा करणाऱ्यांना सरकारने रोख तनखा द्यावा, ही तजवीज वरवर उदार दिसे. पण हिगुची केइको यांच्यासारख्या स्त्रियांनी तिला कसून विरोध केला, कारण हाती टेकवलेल्या त्या रकमेने सून उंबरठ्याशी कायमची बांधली जाईल हे त्यांनी ओळखले होते. कायदा १९९७ साली संमत झाला, २००० च्या एप्रिलात अमलात आला, आणि त्याने रोकड न देता बाहेरची माणसे, दिवसाची केंद्रे व निवासी संस्था दिल्या. तत्पूर्वी, १९९९ साली, सत्ताधारी पक्षातील एका वजनदार पुढाऱ्याने मुलांनी आईबापांना सांभाळणे ही देशाची सुंदर चाल असल्याचे सांगून मोडता घातलाच. ते सांभाळणे कोणाच्या हातून होते, याचा उच्चार अशा भाषणांत सहसा नसतो. आपल्याकडेही १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध आईबापांचा भार मुलगा व मुलगी यांच्यावर टाकला आहे, सुनेचे नाव त्या कलमात नाही. पण रात्री तीनदा उठून सासऱ्यांना अंथरुणावर परत कोण आणते, हे कोणत्याही मराठी घरात विचारून पाहावे.

जपानी सुनेला सासूसासऱ्यांच्या मालमत्तेत वारसा नव्हता, आजही नाही. २०१८ साली वारसा कायदा दुरुस्त झाला, आणि १ जुलै २०१९ पासून विनामोबदला शुश्रूषा केलेल्या, पण वारस नसलेल्या आप्तांना वारसांकडून मोबदला मागण्याची मुभा मिळाली. मृत्यूची व वारसांची माहिती झाल्यापासून सहा महिन्यांत न्यायालयाकडे दरखास्त करावी लागते, आणि सेवा केल्याचा पुरावा सुनेनेच हजर करायचा असतो.